आई-बाबांना घेऊन बद्रीनाथ : वाटेत एक रात्र काढाच

बाबा ७१ चे, त्यांना बीपी. आई ६६ ची, तिचे गुडघे दुखतात. हरिद्वारहून एका दिवसात थेट बद्रीनाथ गाठायचे आणि चार दिवसांत परत, हे जमेल का, असे तुम्ही विचारले आहे. जमते. पण मी तुमच्या जागी असतो तर करणार नाही, कारण एकदा करून पस्तावलोय.

मे महिना होता. पहाटे ऋषिकेश सोडले. अंतर तीनशे किलोमीटरच्या आतबाहेर, नकाशावर काहीच वाटत नाही. वाटेत सिरोबगडला दरडीने अडकवले आणि पोचेपर्यंत अंधार पडला. सकाळी गंगेकाठी साडेतीनशे मीटरवर असलेला माणूस रात्री ३,१०० मीटरवर झोपायला गेला, मग व्हायचे तेच झाले. वडिलांचे डोके रात्रभर ठणकत होते, दोनदा उलटी झाली. दुसऱ्या दिवशी रांगेत उभे राहायचे त्राण नव्हते. दर्शन झाले म्हणा, पण आज त्यांना बद्रीनाथ विचारले तर हॉटेलातली बादली तेवढी आठवते.

दुसऱ्यांदा गेलो ते ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, आणि जाताना पीपलकोटीला मुक्काम केला. ते तेराशे मीटरच्या आसपास आहे, रात्री झोप लागते. जोशीमठ आणखी वर आणि जवळही आहे. पण जानेवारी २०२३ मध्ये तिथली घरे तडकली, तेव्हापासून माझे मन तिथे राहायला घेत नाही. पीपलकोटीहून सकाळी निघालात तर दुपारपर्यंत आरामात वर. पोचल्यावर लगेच मंदिराकडे धावू नका. तसेही दुपारी काही वेळ दार बंद असते. जेवा, पडा, पाणी पीत राहा, संध्याकाळी आरतीला जा. बाबांच्या गोळ्या आणि उंचीचा त्रास याबद्दल मात्र निघण्याआधी डॉक्टरांशीच बोला.

वाटेत नद्यांचे संगम, म्हणजे प्रयाग, पाच आहेत म्हणून पाचही ठिकाणी उतरू नका. देवप्रयागला संगमावर जायला भरपूर पायऱ्या आहेत, आईचे गुडघे तिथेच संपतील. रस्त्यावरूनच भागीरथी आणि अलकनंदेचे दोन रंग छान दिसतात.

मंदिराच्या खालीच तप्तकुंड. पाणी इतके कढत की पहिल्यांदा पाय आपोआप मागे येतो. बाहेर बोचरी थंडी, त्यामुळे आत बसून राहावेसे वाटते. बाबांना बसू देऊ नका. लोटाभर पाणी अंगावर घेतले तरी पुरे. मंदिराजवळच्या ब्रह्मकपाळावर पिंडदान करायचे असेल तर दक्षिणा आधी ठरवून घ्या, नंतरची घासाघीस त्या जागी फार केविलवाणी वाटते.

आणि माणा. तीन किलोमीटरवरचे गाव, पूर्वी 'भारताचे शेवटचे गाव' अशी पाटी होती, आता 'पहिले' झाले आहे. गाडी गावाच्या तोंडाशी थांबते, पुढे चढ आहे. आपण प्रयागराजला सरस्वती नदी गुप्त आहे म्हणून हात जोडतो; इथे ती भीमपुलाखाली अशी दणाणत कोसळते की शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही. आई थकली तर व्यासगुंफा सोडा, गावातच बसवा. उन्हात लोकर विणणाऱ्या बायका दिसतील. नोव्हेंबरात हिवाळ्यासाठी मंदिराची दारे बंद होताना देवाला तुपात माखलेली लोकरीची घोंगडी पांघरतात, ती याच गावच्या मुली-बायका विणतात. माझी आई त्यांच्याशी तासभर मोडक्या हिंदीत टाक्यांबद्दल बोलत होती. दर्शनाइतकेच ती त्याचेही सांगते.

मे-जूनमध्ये गर्दी, जुलै-ऑगस्टमध्ये दरडी. त्यामुळे सप्टेंबरअखेर ते दसऱ्यानंतरचा आठवडा हाच काळ पाहा. थंडी कडक असते, कानटोप्या, लोकरीचे मोजे घ्या. यात्रेची सरकारी नोंदणी आधी करून तिची छापील प्रत जवळ ठेवा, मोबाइलच्या भरवशावर राहू नका. रोख पैसेही खालूनच न्या. खोली तळमजल्यावरची मागा. त्या हवेत दोन जिने म्हणजे दादरच्या पुलासारखे नाहीत.

असे धरले तर वर दोन रात्री आणि एकूण पाच दिवस होतात. पाचवा दिवस निघतच नसेल तर बद्रीनाथची दुसरी रात्र सोडा, पीपलकोटीची नको.