खर्व आणि खरब एकच का? १ वर बारा शून्यं म्हणजे मराठीत किती?

नाही, एकच नाही. नागपुरात हा घोळ हमखास होतो, कारण इतवारी बाजारात भाव हिंदीत आणि शाळेत पाढे मराठीत.

मराठीतली उतरंड भास्कराचार्यांच्या 'लीलावती' या गणितग्रंथाची (इ.स. ११५०): कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. इथे प्रत्येक पायरी दहापट. म्हणून खर्व म्हणजे १ वर १० शून्यं, परार्ध म्हणजे १ वर १७. हिंदीत मात्र अरबनंतर उडी शंभरपटीची: अरब ९ शून्यं, खरब ११, नील १३, पद्म १५, शंख १७. अब्ज आणि अरब तेवढे जुळतात; पुढे खर्व आणि खरब ही नावं सारखी वाटली तरी रक्कम दहापट चुकते.

तुमची बारा शून्यं 'लीलावती'त महापद्म, हिंदीत दस खरब, इंग्रजीत ट्रिलियन. पण बिलात, बातमीत 'एक लाख कोटी'च लिहा. महापद्म वाचून कुणाला काही कळणार नाही.

पडताळायचं कसं? उजवीकडून सात शून्यं झाका, उरलं ते कोटीत. ४५,००,००,००,००० मध्ये सात झाकली की ४,५०० उरतात, म्हणजे ४,५०० कोटी किंवा ४५ अब्ज. स्वल्पविराम आधी तीन अंकांवर, मग दोन-दोनवर. इंग्रजी आकडा ४५,०००,०००,००० असा आला तर आधी स्वल्पविराम पुसून नव्याने द्या. तसाच वाचला की मिलियनला कोटी म्हणायची चूक होते. मिलियन फक्त दहा लाख!