आरोपीकडे वकिलासाठी पैसे नसतील तर कोर्ट वकील देतं का?

हो, आणि तो हक्क आहे, मेहेरबानी नाही. कोठडीत असलेल्या माणसाला तर उत्पन्नाची अटही नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये तसं स्पष्ट आहे. घरच्यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसात साधा अर्ज द्यावा किंवा १५१०० वर फोन करावा.

रिमांडसाठी पहिल्यांदा उभं केलं की आरोपीने थेट सांगावं, "साहेब, मला वकील नाही." खरं तर हे मॅजिस्ट्रेटनीच आधी विचारायला हवं, कसाब खटल्यात २०१२ साली सुप्रीम कोर्टाने ते त्यांचं कर्तव्यच ठरवलं. अगदी कसाबलाही वकील मिळाला होता!

वकिलाची फी प्राधिकरण देतं. त्याने वर पैसे मागितले तर देऊ नका, तिथेच लेखी तक्रार करा.