पेरणीआधीच्या चाचणीवरून गव्हाचे पीक कसे येईल, हे सांगता येते का?

उगवण किती व किती एकसारखी होईल, याचा चांगला अंदाज येतो. उत्पादनाचा आकडा मात्र सांगता येत नाही, कारण तो पुढे थंडी, पाणी आणि तांबेरा हा बुरशीजन्य रोग यांवर ठरतो. प्रमाणित गव्हाची उगवणक्षमता किमान 85 टक्के असावी लागते, परंतु ती प्रयोगशाळेत 20 अंश सेल्सिअसला, पुरेशा ओलाव्यात तपासलेली असल्याने ढेकळांच्या रानात तेच बियाणे कमी उगवू शकते. म्हणून बियाण्याचा जोम, म्हणजे प्रतिकूल रानातही धडधाकट उगवण्याची ताकद, पाहणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. ओल्या गोणपाटावर 100 दाणे ओळीने मांडून गुंडाळी करून ठेवावी आणि आठवड्याने आखूड, वाकडे, बुरशी धरलेले कोंब वगळून फक्त धडधाकट रोपे मोजावीत. ती 85 ऐवजी 70 निघाली, तर हेक्टरी 100 किलोऐवजी सुमारे 120 किलो बियाणे पेरावे लागेल.