क्रीडा संचालकाची कामगिरी पदकांवरच मोजतात का?

प्रिय विद्यार्थिनी,

एम. पी. एड. (शारीरिक शिक्षणातील पदव्युत्तर पदवी) आणि नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) झाल्यावर एखाद्या अनुदानित महाविद्यालयात शारीरिक शिक्षण व क्रीडा संचालक व्हावे, असे तुम्ही ठरवले आहे. तालुक्याच्या ठिकाणचे चांगले खेळाडू बारावीनंतर शहराकडे निघून जातात आणि पदके आली नाहीत तर आपली कामगिरी शून्य धरली जाईल, अशी भीती तुम्ही पत्रात व्यक्त केली आहे.

या भीतीला नियमांत फारसा आधार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत या पदाच्या वार्षिक मूल्यमापनासाठी स्वतंत्र तक्ता आहे आणि त्यात पहिली बाब हजेरीची आहे : ९० टक्के किंवा अधिक असेल तर ‘चांगली’, ८० ते ९० टक्क्यांच्या दरम्यान असेल तर ‘समाधानकारक’. पुढे महाविद्यालयांतर्गत स्पर्धा येतात. पाचपेक्षा अधिक खेळांत त्या घेतल्या तर ‘चांगले’, तीन ते पाच खेळांत घेतल्या तर ‘समाधानकारक’. त्यानंतर जिल्हा, राज्य व राष्ट्रीय स्पर्धांतील सहभाग, मैदाने व साधनांची देखभाल, आणि शेवटी कार्यशाळा, शोधनिबंध, प्रशिक्षक म्हणून आलेले निमंत्रण अशी इतर कामे. हजेरी ‘चांगली’ असून अन्य कोणत्याही दोन बाबी किमान समाधानकारक असल्या, तर त्या वर्षाचा एकूण शेरा ‘चांगला’ पडतो आणि स्थाननिश्चितीच्या (म्हणजे वरच्या वेतनश्रेणीतील पदोन्नतीच्या) वेळी असेच वर्षावर्षाचे शेरे पाहिले जातात. या तक्त्यात सहभाग मोजला जातो, विजय नव्हे.

माझी तक्रार उलट आहे. हा तक्ता खेळांची संख्या मोजतो, खेळणाऱ्यांची नाही. तीच तीस मुले सहा खेळांत उतरवून दोन दिवसांत स्पर्धा उरकणारा संचालक आणि तेवढ्याच खेळांत तीनशे मुलामुलींना मैदानावर आणणारा संचालक, या दोघांना या बाबीत एकच शेरा मिळतो. मुली किती खेळल्या, हा प्रश्न तर तिथे विचारलेलाच नाही.

पदकांचा आग्रह येतो तो संस्थाचालक व प्राचार्यांकडून. महाविद्यालयांना श्रेणी देणाऱ्या नॅक या संस्थेच्या मूल्यांकनातही विद्यार्थ्यांच्या पदकांची नोंद घेतली गेली आहे, त्यामुळे तो अगदीच निराधार म्हणता येत नाही. तरीही पदकाचे श्रेय किंवा अपश्रेय एकट्या संचालकाच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते. माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत धावल्या. दुष्काळी तालुक्यातही गुणवत्ता असते, हे त्यातून निश्चित दिसते, पण अशी धावपटू आपल्या तीन वर्षांच्या प्रवेशयादीत असणे हा कोणत्याही संचालकाच्या हातातला भाग नाही. कमी साधनांत उभे राहणारे कबड्डी, खो-खो, कुस्ती, क्रॉस कंट्री यांसारखे खेळ निवडणे आणि निवड चाचण्या प्रामाणिकपणे घेणे हे मात्र पूर्णपणे त्याच्या हातात असते.

म्हणून रुजू झाल्याच्या पहिल्या वर्षापासून स्वतःची नोंदवही ठेवा : प्रथमच संघात आलेले विद्यार्थी किती, त्यांत मुली किती, दुसऱ्या वर्षी टिकले किती, दुखापती किती झाल्या, जिमखाना शुल्कातील रक्कम कशावर खर्च झाली. ‘यंदा पदक का नाही’ असे प्राचार्यांनी विचारले, की तोंडी खुलासे करण्यापेक्षा ही वही त्यांच्यापुढे ठेवणे केव्हाही बरे.

नियुक्ती स्वीकारण्यापूर्वी तुम्हीही महाविद्यालयाचे मूल्यमापन करा. मैदान स्वतःचे आहे की भाड्याचे, बाहेरच्या प्रशिक्षकाला मानधन दिले जाते का आणि जिमखाना समितीची बैठक खरोखर होते की केवळ इतिवृत्त लिहिले जाते, हे तेथील खेळाडूंनाच विचारावे. कार्यालयात याची उत्तरे नेहमी गोड मिळतात.

पात्रतेचा एक तपशील तुमच्या पत्रात आलेला नाही. २०१८ च्या नियमांनुसार ५५ टक्के गुणांसह पदव्युत्तर पदवी व नेटखेरीज स्पर्धांतील प्रतिनिधित्वाचा पुरावा आणि शारीरिक क्षमता चाचणीही लागते; तीस वर्षांपर्यंतच्या महिलांना आठ मिनिटांत १००० मीटर अंतर धावत किंवा चालत पूर्ण करायचे असते. जानेवारी २०२५ मध्ये आयोगाने नव्या विनियमांचा मसुदा प्रसिद्ध केला होता, तेव्हा अर्ज भरताना त्या दिवशी लागू असलेली अधिसूचना वाचा आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांची तुमची प्रमाणपत्रे विद्यापीठाच्या क्रीडा विभागाकडून आताच साक्षांकित करून ठेवा.