पंखे फिरतात, पडदा काळाच!

प्रश्न : माझ्या संगणकात रायझेन ५ ५६००एक्स (एएमडीचा प्रोसेसर) आणि डीडीआर४ ३२००च्या ८-८ जीबीच्या दोन रॅम आहेत. सुट्टीच्या दिवशी हुक्की आली आणि बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) जाऊन रॅम ३८००, एफसीएलके (प्रोसेसरच्या आतल्या जोडणीचा वेग) १९००, प्रोसेसर सगळ्या कोअरवर ४.७ गिगाहर्ट्झ आणि त्याचं व्होल्टेज १.४ असं एका दमात करून सेव्ह केलं. तेव्हापासून पंखे फिरतात, पण पडद्यावर काही येत नाही. बोर्डावर 'डीरॅम' लिहिलेला दिवा लागून राहतो. बोर्डावरचा गोल सेल काढून परत बसवला. तो काढताना बोर्डाच्या कडेचा शोभेचा लाल दिवा मात्र चालूच होता. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डातून काढून बोर्डाच्या एचडीएमआयला लावली, तरी अंधारच. दादा म्हणतो, प्रोसेसर जळाला. नवा घ्यावा का?

उत्तर : अजून काहीही विकत घेऊ नका. संगणक चालू केल्यावर बोर्ड आधी प्रोसेसर बघतो, मग रॅम, मग ग्राफिक्स कार्ड आणि शेवटी डिस्क. जिथे घोडं अडतं तिथला दिवा लागून राहतो. तुमचा दिवा रॅमवर थांबलाय, म्हणजे प्रोसेसर निदान जागा होऊन कामाला लागलाय. रॅमचा कंट्रोलर प्रोसेसरच्याच पोटात असतो, त्यामुळे दादांचं म्हणणं अगदीच अशक्य नाही. पण तुम्ही भरलेले आकडे वाचल्यावर मी तरी त्यांच्याच मागे लागेन. आणि तो एचडीएमआयचा प्रयोग विसरून जा. ५६००एक्समध्ये ग्राफिक्स नाहीच, त्यामुळे संगणक ठणठणीत असता तरी त्या सॉकेटातून चित्र आलं नसतं. केबल मुकाट्याने कार्डाला लावा.

तुमच्या पत्रातला खरा धागा तो लाल दिवा आहे. सेल काढताना तो चालू होता, म्हणजे पॉवर केबल भिंतीतल्या सॉकेटातच होती. समोरचं बटण दाबून संगणक बंद केला तरी एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) बोर्डाला ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा देत राहतो. बायोसची सेटिंग्ज त्यावर मजेत जगतात. सेल असला काय, नसला काय. थोडक्यात, तुमचे ३८०० आणि १९०० अजून जिथल्या तिथे आहेत आणि बोर्ड दरवेळी इमानेइतबारे त्याच आकड्यांवर चालू व्हायला बघतोय. पुष्कळ बोर्ड लागोपाठ काही वेळा अपयश आलं की आपणहून मूळ सेटिंग्जवर येतात. सगळे येत नाहीत, आणि तुमचा येत नाही असं दिसतंय.

आता हे नीट करा. एसएमपीएसचा मागचा स्विच बंद करून केबल काढा. मग पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा. पंखा क्षणभर थरथरतो, शोभेचे दिवे लुकलुकून विझतात. कपॅसिटरमध्ये साठलेली वीज अशी संपते. लाल दिवा पूर्ण विझल्याशिवाय पुढे जाऊ नका. मग बोर्डावर 'सीएलआर सीमॉस' किंवा 'जेबॅट' अशा नावाच्या दोन-तीन पिना, म्हणजे सीमॉस (बायोसची सेटिंग्ज ठेवणारी जागा) पुसायचा जंपर, शोधा, बहुधा खालच्या कडेला सापडतील. दोनच पिना असतील तर स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दोन्हींना एकदम स्पर्श करून दहा सेकंद धरा. तीन असतील तर पिनांवरची छोटी टोपी एका घराने सरकवायची आणि तेवढ्या वेळाने परत जागेवर आणायची. टोपी जागेवर आणायला विसरलं की 'आता तर काहीच चालू होत नाही' अशी नवी तक्रार येते, म्हणून मुद्दाम सांगतो. सेल काढण्यापेक्षा जंपर खात्रीचा, कारण काही बोर्डांवर सेटिंग्ज सेलच्या जिवावर नसतात, त्या चिपमध्येच लिहिलेल्या असतात.

एवढं करूनही दिवा रॅमवरच थांबला, तर दोन्ही रॅम काढा आणि एकच, प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या स्लॉटमध्ये, दोन्ही टोकांना 'टक्' असा आवाज येईपर्यंत दाबून बसवा. मग तीच जागा, दुसरी रॅम. हा सगळा खटाटोप करताना प्रोसेसरची आठ पिनांची केबल सैल झाली नाही ना, तेही बघून घ्या. दोन्ही रॅम आळीपाळीने लावूनही काही हललं नाही आणि बोर्डावर बायोस फ्लॅशबॅकचं बटण असेल, तर पेनड्राइव्हवरून बायोस नव्याने लिहिता येतो. त्याला प्रोसेसर-रॅमचीही गरज लागत नाही. त्यानंतरही काळोख राहिला तर मग दादांचा विचार करू.

पण बहुतेक तुमचा संगणक जंपरलाच उठेल. उठल्यावर तारीख-वेळ चुकलेली असेल, ती लावून घ्या. विंडोज सापडत नाही अशी तक्रार आली तर घाबरून ते नव्याने टाकू नका. डिस्कचा मोड पूर्वी रेड होता आणि आता एएचसीआय झालाय का, किंवा सीएसएमची (जुन्या पद्धतीने चालू होण्याची) सेटिंग उलटली आहे का, ते आधी बघा. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. ती फोनवरून आत्ताच, जंपरला हात लावायच्या आधी, शोधून ठेवा.

आता आकड्यांबद्दल. या प्रोसेसरसाठी एएमडीने अधिकृतपणे दिलेला रॅमचा वेग ३२०० आहे. एफसीएलके त्याच्या निम्मा, म्हणजे १६०० असतो. ३६००ला तो १८०० होतो आणि तिथवर बहुतेक चिप गुमान येतात. १९००ला बऱ्याच चिप साफ नकार देतात. कितीही व्होल्टेज पाजा, त्या चालूच होत नाहीत. त्यात तुमच्या रॅम ३२००च्याच. तेव्हा आधी एक्सएमपी (रॅममध्ये आधीच भरलेली वेगाची सेटिंग) लावून ३२००वर या. फारच खाज असेल तर ३६००, एफसीएलके १८००, आणि त्याबरोबर दुसरं काहीही बदलायचं नाही. तुम्ही चार गोष्टी एकदम बदलल्या, म्हणून आता दोषी कोण ते दिव्यावरून हुडकावं लागतंय. ३६००वर चालू झालं तरी लगेच विंडोजमध्ये शिरू नका. रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) लावा आणि एकही चूक दिसली तर वेग खाली आणा. डळमळीत रॅमवर विंडोज चाललं की फाइली गुपचूप खराब होतात आणि ते फार उशिरा कळतं.

प्रोसेसरवरचं ४.७ आणि १.४ व्होल्ट मला मुळीच पटलेलं नाही. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते, १.२चे १.४ केले की त्याच वेगालासुद्धा सुमारे ३६ टक्के जास्त. आणि बदल्यात काय मिळालं? हा प्रोसेसर स्वतःहूनच ४.६पर्यंत जातो. सगळे कोअर एका आकड्याला बांधून ठेवण्यापेक्षा पीबीओ (एएमडीची आपोआप वेग वाढवायची सोय) चालू करा, कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये (त्यातली व्होल्टेज कमी-जास्त करायची सेटिंग) थोडं थोडं ऋण मूल्य देऊन पाहा आणि व्होल्टेजचं गणित त्याच्यावर सोडा.

प्रश्न : रायझेन ७०००चा नवा संगणक जोडला. ६०००च्या डीडीआर५ रॅमचे दोन सारखे संच घेतले, एकूण चार रॅम. एक्सपो (एक्सएमपीसारखीच रॅमची तयार सेटिंग) लावला की पडदा काळा राहतो. दोन-तीन मिनिटं थांबून बंद करतो. रॅम सदोष आहेत का?

उत्तर : दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत अडकल्या आहेत. एक म्हणजे डीडीआर५मध्ये सेटिंग बदलल्यावर बोर्ड रॅमचं ट्रेनिंग करतो, म्हणजे तिच्याशी नीट जुळवून घेतो. तेव्हा पडदा काळा असतो आणि चार रॅम असतील तर हे काम चांगलंच लांबतं. मध्येच बंद केलंत की पुढच्या वेळी पहिल्यापासून सुरू. चालू करा, पंधरा मिनिटं त्याच्याकडे फिरकू नका.

पण चार रॅम ६०००वर चालतील अशी आशा मी धरणार नाही. खोक्यावरचा ६००० हा आकडा त्या खोक्यातल्या दोन रॅमसाठी तपासलेला असतो. एएमडीची रायझेन ७०००साठीची अधिकृत मर्यादा दोन रॅमला ५२०० आहे आणि चार लावल्या की थेट ३६००. त्यामुळे पंधरा मिनिटांनीही चित्र आलं नाही तर वरच्या उत्तरात सांगितल्याप्रमाणे सीमॉस क्लिअर करा, एक संच काढून ठेवा आणि उरलेल्या दोन रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावून एक्सपो चालू करा. मग दुसऱ्या संचाने तेच. दोन्ही संच एकेकटे ६०००वर चालले तर रॅममध्ये खोट नाही. चारही हव्याच असतील तर एक्सपो बंद ठेवून ३६००पासून हाताने वर चढा. दोनात भागत असेल तर दुसरा संच परत करा, आणि पुढे कधी जास्त लागलीच तर मोठ्या क्षमतेच्या दोनच रॅमचा एक संच घ्या.