घरी लहान बाळ आहे, सॅनिटायझर लावलं तर साबणाने हात धुवायची गरज आहे का?

तुम्ही विचारलंय की घरात दोन महिन्यांचं बाळ आहे, तर बाहेरून आलेल्यांनी दारातच सॅनिटायझर लावलं की झालं का. माझं नाशिकला पंचवटीत मेडिकल आहे आणि काउंटरवर हा प्रश्न सारखा येतो म्हणून सविस्तर लिहितोय. नळाला पाणी आणि साबण आहे ना, मग साबणच. सॅनिटायझर कधी, तर सीबीएस बसस्टँडवरून बसमध्ये चढलात, दांडा धरला, गर्दीत हात धुवायला काही सोय नाही आणि पोराला बिस्कीट द्यायचंय, तेव्हा.

सगळे व्हायरस एकसारखे नसतात. फ्लू, कोरोना यांच्यावर चरबीचं पातळ आवरण असतं, अल्कोहोल ते फोडतं आणि व्हायरस निकामी होतो. पण उलट्या-जुलाबाचा नोरोव्हायरस किंवा काविळीचा हिपॅटायटिस ए यांना हे आवरणच नाही, तिथे सॅनिटायझरवर भरवसा ठेवता येत नाही. साबणाने हात चोळून धुतले की ते सुटून पाण्याबरोबर वाहून जातात.

माझ्या बहिणीच्या घरी हेच झालं. भाच्याला जुलाब लागले, मीच सॅनिटायझरची मोठी बाटली पाठवली होती, बहीण डायपर बदलायची, सॅनिटायझर लावायची आणि थेट कणीक मळायला बसायची, चार दिवसांत घरातले पाच जण आडवे. तिला साबणाचं आधी सांगायला हवं होतं हे मला अजून लागतं.

हातावर माती, तेल असेल तरी सॅनिटायझर नीट काम करत नाही. आपल्याकडे द्राक्षबागेत फवारणी करून आलेली माणसं सॅनिटायझर लावून जेवायला बसतात, अहो फवाऱ्याचं औषध त्याने निघत नाही, साबण-पाणीच लागतं.

घेताना बाटलीवर अल्कोहोल किमान 60 टक्के लिहिलंय का बघा. 2020 च्या मार्चमध्ये सरकारने 200 मिलीला 100 रुपये कमाल भाव ठरवला होता, त्या काळात नुसता वास आणि रंग असलेल्या, टक्के न लिहिलेल्या बाटल्याही लोक घेऊन यायचे. जास्त दिवस पुरावं म्हणून पाणी मिसळू नका, 70 टक्केवाल्यात तेवढंच पाणी घातलं की राहिलं 35, त्याचा उपयोग नाही. आणि 99 टक्के घेतलं म्हणजे जास्त चांगलं असंही नाही, थोडं पाणी असलं तरच अल्कोहोल नीट काम करतं, नाहीतर लगेच उडून जातं.

लावताना दोन्ही हात पूर्ण ओले होतील एवढं घ्या, बोटांच्या मधे, अंगठा, नखं, सगळीकडे वाळेपर्यंत चोळा, 20 सेकंद तरी. पुसून टाकू नका. वाळायच्या आत गॅस किंवा निरांजन पेटवायला जाऊ नका, हे पेटतं. बाटली उंचावर ठेवा, पोरं रांगायला लागली की तोंडात घालतात आणि पोटात गेलं तर ते विषच आहे.

तुमच्या बाळासाठी अजून एक, लहान बाळांना जुलाब करणाऱ्या रोटाव्हायरसची लस सरकारी लसीकरणात मोफत आहे, तोंडावाटे थेंब देतात, 6, 10 आणि 14 आठवड्यांना. कार्ड काढून बघा, पहिला डोस राहिला असेल तर याच आठवड्यात जाऊन या.