तो ऐकत नाही, आणि एक दिवस ती गप्प बसली

"मॅडम, सगळे पुरुष असेच असतात का हो?" जोडप्यांचं समुपदेशन करताना हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की समोरची बाई पर्स मांडीवर घट्ट धरून बसली की मला कळतं, आता हा येणार. "असेच" म्हणजे काय तर आपण काही सांगायला गेलो की तोडगा सांगून मोकळे, आणि जरा लावून धरलं की तोंडाला कुलूप. नवऱ्यांचा प्रश्न वेगळा असतो, "हिला माझ्याकडून नेमकं हवंय तरी काय?" आज अशाच एका जोडप्याबद्दल लिहितेय, त्यांना विचारून, आणि ओळख पटेल असं सगळं बदलून.

लग्नाला नऊ वर्षं झालेली, दोघंही नोकरीवाले. पहिल्या दिवशी ती सोफ्याच्या अगदी कडेवर, पुढे सरकून बसली आणि तो मागे टेकून, हातात गाडीची किल्ली, ती तासभर बोटाभोवती फिरत होती. तिची तक्रार अशी की मीटिंगमध्ये बॉसने तिचं काम सगळ्यांसमोर दुसऱ्याच्या नावावर खपवलं, ती घरी आली, चपला काढता काढताच सांगायला लागली, आणि अर्ध्यात हा म्हणाला, "मग एचआरला मेल टाक ना." त्याच्या दृष्टीने विषय संपला, हिचा अजून सुरूही झाला नव्हता. मग ती आवाज चढवून तेच परत सांगते, तो "हं" म्हणतो, ती "हं काय हं" म्हणते, तो उठून दुसऱ्या खोलीत जातो, ती मागोमाग जाते. हे आठवड्यातून दोन-तीनदा.

तो म्हणाला, "ऐकलं म्हणूनच उपाय सुचवला ना? नुसतं अरेरे करत बसलो असतो तर म्हणाली असती, तुला काही पडलेलीच नाही." चुकीचं नव्हतं त्याचं. त्याच्या मते उपाय सांगणं हीच काळजी होती.

आणि इथे मी माती खाल्ली. मी तिला म्हटलं, "तुम्ही बोलायच्या आधीच त्यांना सांगत जा ना, की आज फक्त ऐक म्हणून." ती माझ्याकडे बघतच राहिली. "मॅडम, तुम्हीपण तेच केलंत." तो त्या दिवशी पहिल्यांदा हसला. खरंच होतं की, मी बाई, वर पगार ऐकण्याचाच घेते, आणि तिचं बोलणं पूर्ण व्हायच्या आत तोडगा हातात ठेवला.

बाई-पुरुष फरकाबद्दल आपल्याकडे फार ठाम आकडे फिरत असतात, बायका दिवसाला २०,००० शब्द बोलतात आणि पुरुष ७,००० वगैरे. त्यानेही मला हे ऐकवलं. २००७ साली 'सायन्स' मासिकात एक अभ्यास आला होता, ३९६ कॉलेज विद्यार्थ्यांच्या अंगावर अधूनमधून आपोआप आवाज टिपणारं यंत्र लावून केलेला, त्यात दोघंही दिवसाला साधारण १६,००० शब्द बोलतात असं निघालं. म्हणजे तुमचा नवरा मितभाषी असेलही, पण तो पुरुष म्हणून त्याचा शब्दांचा कोटा कमी आहे, असं काही त्यातून दिसत नाही. हाच माणूस मित्राच्या फोनवर गॅलरीत फेऱ्या मारत पाऊण तास बोलतो, हे तिनेच मला सांगितलं.

तिसऱ्या सेशनला मी विषय बदलला. त्याला विचारलं, तुम्हाला घरात काय बदलायला हवंय? बराच वेळ किल्ली फिरली. मग म्हणाला, त्याला नोकरी सोडून स्वतःचं काहीतरी सुरू करायचंय, दोन वर्षं झाली, विषय काढला की ही टाळते. आणि मग तो बोलत सुटला, हिशोब मांडलाय, वर्षभर पुरेल एवढी बचत आहे, जुन्या मित्राशी बोलून झालंय, आणि बोलता बोलता तो कधी पुढे सरकून सोफ्याच्या कडेवर आला ते त्याचं त्यालाही कळलं नाही. मी तिच्याकडे बघितलं. ती मागे टेकली होती, हाताची घडी, नजर खिडकीकडे. त्याचं संपल्यावर म्हणाली, "हं. बघू."

"बघितलंत मॅडम? दर वेळी असंच!" तो म्हणाला, आवाज चढला होता.

मी काहीच बोलले नाही. दोन-तीन सेकंदांनी तिनेच स्वतःची हाताची घडी बघितली.

ही गोष्ट मी मनाची सांगत नाहीये. अँड्रू ख्रिस्तेन्सन आणि ख्रिस्टोफर हीव्ही या मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली जोडप्यांना दोन विषयांवर बोलायला लावलं होतं, एक बायकोला हवा असलेला बदल आणि एक नवऱ्याला हवा असलेला. बायकोच्या विषयात नेहमीचंच चित्र, ती मागे लागतेय आणि तो अंग काढून घेतोय. नवऱ्याच्या विषयात मात्र तो फरक उरलाच नाही. ज्याला बदल हवा तो मागे लागतो, ज्याचं आहे तसं ठीक चाललंय तो गप्प बसतो. आता घरात बदल जास्त वेळा बाईलाच का हवा असतो, हा प्रश्न ज्याने त्याने घरातली कामं कोण करतं ते बघून सोडवावा.

तिला विचारलं तेव्हा कळलं की तिला त्याचा बेत वाईट वाटत नव्हता, भीती वाटत होती, आणि तोंड उघडलं तर भांडण होईल म्हणून ती "बघू" म्हणायची. तो तिच्याकडे बघत राहिला. म्हणाला, "मीपण त्यासाठीच उठून जातो."

उठून जायला मी मनाई केली नाही. भांडणात छाती धडधडायला लागली की समोरचं बोलणं डोक्यात शिरतच नाही, अशा वेळी निदान वीस मिनिटं लांब व्हा असं जॉन गॉटमनसारखे जोडप्यांवर संशोधन करणारे लोकही सांगतात. फक्त जाताना "नऊला परत बसू" असं सांगायचं आणि नऊला खरंच यायचं, आणि मागोमाग जायचं नाही. (शिक्षा म्हणून आठ-आठ दिवस अबोला धरणारा किंवा जिच्यासमोर, ज्याच्यासमोर बोलायचीच भीती वाटते असा जोडीदार असेल तर हा सल्ला तुमच्यासाठी नाही, तिथे आधी एकट्याने येऊन भेटा.)

पुढच्या वेळी सांगत होते, चार दिवस जमलं, पाचव्या दिवशी तो नऊला आलाच नाही, झोपला. त्यावरून भांडले. ते भांडण मात्र एका खोलीतच झालं म्हणे.

नोकरीचं अजून काही ठरलं नव्हतं. निघताना मी दार लावत होते तेव्हा जिन्यावरून तिचा आवाज आला, "त्या हिशोबात घराचे हप्ते धरलेयस का?" आणि तो खाली उतरता उतरता थांबला.